तान्ह्या बाळाचा श्वास : एका विषाणूवरील संशोधन आणि आपले रुग्णालय

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी एखाद्या विभागाने आपल्या कार्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा तो मान बालरोग विभागाकडे आला. वर्षभरात किती बालके दाखल झाली आणि किती बरी होऊन घरी गेली, याची कोष्टके याच अहवालात अन्यत्र दिली आहेत. त्यांची पुनरुक्ती न करता, पावसाळा सरत आला की ज्या एका आजाराने आमच्या खाटा भरू लागतात, त्याविषयी आणि त्यावर झालेल्या संशोधनाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. यात थोडा स्वार्थही आहे. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात आमच्या विभागाच्या दोन मागण्या आहेत, आणि त्यांतील दुसरी मागणी काही सभासदांना अनाठायी वाटली, असे आमच्या कानावर आले आहे. तिच्यामागील विचार आज आपणांपुढे मांडण्याची संधी आम्ही घेत आहोत.

या आजाराचे कारण असलेल्या विषाणूचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, संक्षेपाने आर.एस.व्ही. कोविडचे नाव घराघरांत पोहोचले. हे नाव मात्र पालकांनी क्वचितच ऐकलेले असते. वास्तविक वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला याचा संसर्ग एकदा तरी होऊन गेलेला असतो. बहुतेकांना साधी सर्दी होते आणि आठवड्याभरात ती जाते. परंतु काही तान्ह्या बाळांत, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, तसेच अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मजात हृदयविकार असलेल्या बालकांत, हा विषाणू नाकातून खाली उतरून फुप्फुसांतील अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. तेथील अस्तर सुजते, मृत पेशी आणि चिकट स्राव यांनी नळी चोंदते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध सुमारे १६ पटींनी वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम तान्ह्या बाळाच्या छातीत फार निर्दयपणे लागू पडतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत जी सूज जाणवतही नाही, तीच दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास अडविण्यास पुरेशी ठरते. आई सांगते, "बाळाचे पोट उडते आहे, अंगावर ओढत नाही." निदानाच्या दृष्टीने या दोन वाक्यांत बहुतेक सारे आलेले असते.

या आजारावर विषाणूचा नाश करणारे असे औषध नेहमीच्या वापरात नाही. प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही, कारण ती जिवाणूंवर चालतात. दम्याप्रमाणे श्वासनलिका रुंदावणारी औषधे आणि स्टेरॉइड यांचाही सरसकट उपयोग नसल्याचे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. उपचार म्हणजे प्राणवायू, नाक मोकळे ठेवणे, दूध किंवा सलाईन यांवाटे शरीरातील पाणी राखणे आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे. हे शेवटचे काम परिचारिकांचे आहे आणि ते आमच्या येथे कोणत्या निष्ठेने होते, हे रात्रपाळीत विभागात येऊन गेलेल्या विश्वस्तांस ठाऊक आहे.

आता संशोधनाकडे वळतो. या विषाणूचा प्रथम शोध माणसात लागला नाही. अमेरिकेतील वॉल्टर रीड सैनिकी संशोधन संस्थेत पाळलेल्या चिंपांझींना सर्दीची साथ आली, तीत हा विषाणू सापडला आणि १९५६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. चिंपांझींच्या सर्दीचा घटक, असेच त्याचे पहिले नाव होते. लगेच १९५७ साली डॉ. रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाल्टिमोर येथील आजारी बालकांच्या घशातील स्रावात तोच विषाणू आढळला. प्रयोगशाळेत वाढविताना तो शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी बनवितो. अशा पेशीला सिन्सिशियम म्हणतात, आणि त्यावरून आजचे नाव रूढ झाले.

ते दशक लसींच्या विजयाचे होते. फॉर्मॅलिनने मृत केलेल्या विषाणूपासून बनविलेली साल्क यांची पोलिओची लस १९५५ साली यशस्वी ठरली होती. तोच मार्ग येथेही अवलंबावा, हा विचार स्वाभाविक होता. त्याप्रमाणे फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या आर.एस.व्ही.ची लस तयार झाली आणि १९६६ साली अमेरिकेत बालकांवर तिची चाचणी सुरू झाली. लस टोचल्यावर बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे उत्तम प्रमाणात तयार झाली. कागदावर सारे ठीक होते. पुढे विषाणूचा हंगाम आला, आणि सर्वांत लहान वयाच्या गटात लस घेतलेल्या ज्या बालकांना संसर्ग झाला, त्यांपैकी सुमारे ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तुलनेसाठी निवडलेल्या, ही लस न घेतलेल्या गटात हेच प्रमाण ५ टक्के होते. लस घेतलेली दोन बालके दगावली.

वैद्यकाच्या इतिहासात या घटनेइतका खोल चरा फार थोड्या चाचण्यांनी उमटविला असेल. रक्षणासाठी दिलेल्या लसीनेच आजार तीव्र केला होता. १९६९ साली हे निष्कर्ष उघडपणे प्रसिद्ध करण्यात आले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. अप्रिय निष्कर्ष दप्तरात दडवून ठेवणे सोपे असते. ते प्रसिद्ध झाले म्हणूनच पुढील पिढीतील संशोधकांना "असे का घडले?" हा प्रश्न हाती घेता आला. त्याचे पुरते उत्तर मिळण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ लागला, आणि तोवर तान्ह्या बाळांसाठी या विषाणूची लस बनविण्याच्या कामावर भीतीची छाया राहिली.

ते उत्तर सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. विषाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, ज्याच्या साहाय्याने तो आपल्या पेशीला चिकटून तिच्यात मिसळतो. या प्रथिनाची दोन रूपे आहेत. पेशीत शिरण्यापूर्वीचे रूप आखूड आणि गोळीबंद असते. शिरताना ते झटकन उलगडून लांबट होते. वाऱ्याने उलटी झालेली छत्री आपण सर्वांनी पाहिली आहे. छत्री निदान पुन्हा सरळ करता येते, या प्रथिनाला मात्र मूळ रूपात परतता येत नाही. शिवाय ते इतके अस्थिर असते, की जरा कारण मिळताच उलगडते. साठच्या दशकातील लसीतील प्रथिन उलट्या छत्रीच्या रूपात होते. त्यामुळे बालकांच्या शरीराने प्रतिपिंडे तयार केली खरी, परंतु ती विषाणूला चिकटत, त्याला रोखू शकत नसत. भरीस भर म्हणून शरीराची प्रतिक्रिया वेगळ्याच दिशेने वळून फुप्फुसांतील दाह वाढला. प्रतिपिंडे पुष्कळ आहेत एवढे पाहून समाधान मानण्यातील धोका या प्रकरणाने जगाला शिकविला.

२०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी त्या अस्थिर, मूळ रूपाची त्रिमितीय रचना उलगडून दाखविली. हे रूप पकडून ठेवणारे एक मानवी प्रतिपिंड त्यांच्या हाती होते. त्याच्या आधारानेच ते चित्र मिळाले. विषाणूला सर्वांत प्रभावीपणे रोखणारी प्रतिपिंडे याच रूपाच्या माथ्यावर चिकटतात, असे त्यातून दिसले. मग प्रथिनात मोजके बदल करून त्याला त्याच रूपात स्थिर ठेवण्याची युक्ती साधली. (हीच विचारसरणी पुढे करोनाच्या प्रथिनाला लावण्यात आली. भारतात सर्वाधिक दिल्या गेलेल्या कोव्हिशिल्डमध्ये तो बदल नव्हता; पुण्यात तयार झालेल्या कोव्होव्हॅक्समध्ये मात्र होता. बालकांच्या आजारावरील संशोधनाचा लाभ असा मोठ्यांनाही झाला.)

या शोधाआधीही एक संरक्षण उपलब्ध होते. पालिविझुमॅब या तयार प्रतिपिंडाला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्याने सुमारे ५५ टक्क्यांनी कमी केले. परंतु हंगामभर दरमहा एक अशी इंजेक्शने द्यावी लागत आणि खर्च असा, की जगातील बहुतेक देशांना ते पाहण्यापुरतेच राहिले. २०१३ नंतरच्या ज्ञानातून आलेले निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड एकाच मात्रेत सुमारे पाच महिने टिकते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या व जवळपास पूर्ण दिवसांच्या बालकांत झालेल्या चाचणीत डॉक्टरांकडे न्यावे लागेल अशा छातीच्या संसर्गाचे प्रमाण त्याने सुमारे ७५ टक्क्यांनी घटविले. युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३ साली त्यास मान्यता मिळाली.

दुसरा मार्ग आईचा. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईला लस दिली, की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि बाळ जन्मताच कवच घेऊन येते. धनुर्वाताच्या लसीमुळे हे तत्त्व आपल्या आया-बहिणींना अपरिचित नाही. सात हजारांहून अधिक गर्भवतींच्या चाचणीत बाळाच्या पहिल्या ९० दिवसांतील तीव्र आजाराविरुद्ध या लसीचा प्रभाव सुमारे ८२ टक्के, तर १८० दिवसांपर्यंत सुमारे ६९ टक्के आढळला. २०२३ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वपात्रता दिली. प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून अगदी शेवटच्या दिवसांत दिलेल्या लसीचा बाळाला फारसा लाभ होत नाही.

मार्ग निष्कंटक आहे असे मात्र नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या मातांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती अधिक आढळल्याने ती २०२२ साली थांबविण्यात आली. हा फरक प्रामुख्याने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिसला, ही बाब आपल्यासारख्यांनी डोळ्यांआड करू नये. २०२४ साली थेट बालकांना द्यावयाच्या एका नव्या लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या काही बालकांचा आजार तीव्र झाल्याचे दिसताच ती रोखण्यात आली. १९६६ ची आठवण अद्याप जागी आहे आणि ती तशी असणे बालकांच्या हिताचे आहे. यास्तव आज तान्ह्या बाळाला मिळणारे संरक्षण आईकडून किंवा तयार प्रतिपिंडातून आलेले असते. त्याला स्वतःला टोचून देण्याजोगी मान्यताप्राप्त लस नाही.

आता हे सारे जेथे सर्वाधिक हवे, तेथील स्थिती पाहू. २०१९ या एका वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालील बालकांत या विषाणूमुळे श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचे सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले, ३६ लाख बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि १,०१,४०० बालके दगावली. त्यांपैकी ४५,७०० सहा महिन्यांखालील होती. मृत्यूंपैकी ९७ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील. आणि ज्या आकड्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो तो असा : यांतील रुग्णालयात झालेले मृत्यू केवळ २६,३०० होते. उरलेली बालके घरी, वाटेवर, किंवा कोणत्याही नोंदवहीत नाव न चढता गेली.

आपल्या राज्यात याचा प्रत्यक्ष मागोवा मेळघाटात घेण्यात आला. तेथे कार्य करणाऱ्या महान ट्रस्टच्या डॉ. आशिष सातव यांनी अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने ९३ आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील बालकांचा गावागावांत जाऊन अभ्यास केला. घरी दगावलेल्या बालकांच्याही नाकातील स्रावाचे नमुने, पालकांच्या संमतीने, घेण्यात आले. शोकाकुल घराच्या उंबऱ्याशी जाऊन अशी संमती मागणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकता. रुग्णालयांच्या नोंदींवरच विसंबल्यास या विषाणूने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात नजरेतून निसटतात, हे या कामाने दाखवून दिले.

त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर केलेले काम सर्वश्रुत आहे. अल्पशिक्षित आरोग्यदूत आणि दाया यांना श्वास मोजावयास शिकवून गावातच औषधोपचार दिल्याने न्यूमोनियाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोजणी येत नसलेल्या दाईसाठी मण्यांचे साधे श्वासमापक त्यांनी बनविले होते. त्या यशात प्रतिजैविकांचा वाटा मोठा होता, आणि जिवाणूंच्या न्यूमोनियासाठी तो आजही आहे. परंतु हिब व न्यूमोकॉकस यांच्या लसी आता राष्ट्रीय कार्यक्रमात आल्याने विषाणूजन्य आजाराचा हिस्सा तुलनेने वाढत जाणार. आफ्रिका व आशियातील सात देशांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'पर्च' अभ्यासात तीव्र न्यूमोनियाचे सर्वांत मोठे एकच कारण आर.एस.व्ही. आढळले, सुमारे ३१ टक्के. त्या देशांत भारत नव्हता, तरी बांगलादेश होता.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्यांकडे येतो. पहिली मागणी साधी आहे : तान्ह्या बाळांना लावता येतील असे ऑक्सिमीटर, दोन जादा बबल सीपॅप यंत्रे आणि रुग्णवाहिकेत कायम भरलेला प्राणवायू. हिच्याविषयी कोणाचे दुमत नाही, म्हणून अधिक बोलत नाही.

दुसरी मागणी आहे ती, सलग दोन वर्षे बारमाही, छातीच्या आजाराने दाखल होणाऱ्या तान्ह्या बाळांच्या नाकातील नमुन्यांची तपासणी करून आर.एस.व्ही.ची नोंद ठेवण्याची. "तपासणीने उपचार बदलत नाहीत, मग देणगीदारांचा पैसा त्यावर का खर्चावा?" असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. खाटेवरील त्या एका बाळाचा प्राणवायू अहवालामुळे कमी-अधिक होणार नाही. तरीही दोन गोष्टी बदलतील. विषाणू सापडला, बाळाची एकूण स्थिती त्याच्याशी जुळली, तर अनावश्यक प्रतिजैविक थांबविण्यास आम्हांस आधार मिळेल. आणि दुसरे, जे आम्हांस अधिक मोलाचे वाटते : आपल्या तालुक्यात हा हंगाम नेमका कोणत्या महिन्यात चढतो आणि कधी उतरतो, हे कळेल. उत्तर भारतात तो मुख्यतः थंडीचा असतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून खाटा भरतात, परंतु तो आमचा अनुभव आहे, नोंद नव्हे. प्रतिपिंडाची मात्रा पाच महिने पुरते. ती दोन महिने आधी दिली, तर अर्धे कवच हंगाम येण्यापूर्वीच झिजून जाईल. अमेरिकेत २०२३ साली एका मात्रेची घोषित किंमत सुमारे ४९५ डॉलर होती. असे औषध कधीकाळी स्वस्त होऊन किंवा शासनाच्या कार्यक्रमातून आपल्या दारी आले, तर त्यातील एकही मात्रा चुकीच्या महिन्यात खर्ची पडणे आपल्याला परवडणारे नाही.

एका उदार देणगीदारांनी नवजात अतिदक्षता विभागातील सर्व बालकांसाठी परदेशातून हे प्रतिपिंड आणविण्याची तयारी दर्शविली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आमचे मत विचारले गेले, ते असे : त्याच रकमेत प्राणवायूची सारी सामग्री आणि दोन वर्षांची नोंद होऊन थोडी शिल्लक राहील, आणि ती शिल्लक अतिशय अपुऱ्या दिवसांच्या मोजक्या बाळांसाठी राखून ठेवावी. हा निर्णय सुखाचा नाही. ज्या बाळांना ते मिळणार नाही त्यांचे चेहरे आम्हांला ठाऊक असतात. अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाचा आहे.

दरम्यान, प्रसूतिपूर्व तपासणी कक्षात प्रत्येक गर्भवतीच्या गर्भधारणेचे आठवडे अचूक नोंदविण्यास आम्ही स्त्रीरोग विभागाच्या मदतीने सुरुवात केली आहे. मातेची लस आली, तर ती कोणाला आणि केव्हा द्यावयाची, हे त्या वहीवरूनच ठरेल. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीस परिचारिका तीन गोष्टी सांगतात : पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, सर्दी झालेल्या माणसाने हात धुतल्याविना बाळाला घेऊ नये, आणि बाळाला धुरी देऊ नये. शेवटच्या गोष्टीवर आजीबाईंचा रोष ओढवतो. शेकशेगडीची माया आम्हांला कळते, परंतु चिंचोळ्या श्वासनलिकेला तो धूर सोसत नाही, आणि नाकात तेल सोडण्याची पद्धतही तितकीच घातक आहे.

परिसरातील आशा कार्यकर्तींसाठी या पावसाळ्यापूर्वी एक दिवसाचे शिबिर घेण्याचे योजिले आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावयाचे : दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक आढळल्यास, अथवा छाती आत ओढली जात असल्यास, बाळ दूध ओढत नसल्यास, रात्र असली तरी रुग्णालयाच्या दूरध्वनीवर कळवावे. रुग्णवाहिकेत प्राणवायू भरलेला आहे, याची खात्री आम्ही पाळीच्या सुरुवातीस करून घेऊ.